हात ढिला सोड

केवळामावशीने माझा हात पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी बांगड्या भरायला गेले नव्हते, खोली बघायला गेले होते. राणीसावरगावच्या शाळेवर माझी बदली झाली होती. घर पोखर्णीला. तिथून रोज रेल्वेने गंगाखेड आणि पुढे जीपमध्ये कोंबून घेऊन गाव गाठायचं, हे पंधरा दिवसांतच अंगावर आलं. कुणीतरी सांगितलं, कासारणीकडे वरची खोली रिकामी आहे.

मी भाड्याचं विचारत होते, पाण्याचं विचारत होते. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिने माझा उजवा हात उचलून मांडीवर घेतला. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, बोटांच्या गाठी एकीवर एक चढवून बघितल्या, मग डावा घेतला.

"बांगडीचं माप दोन-सहा. आन डावा दोन-चार. समदं काम उजव्यानंच करतीस व्हय? डाव्यालाबी कायतरी करू द्यावं, बाई."

"मावशी, खोली..."

"खोली तुझीच हाय की. पाणी एकाआड एक दिवस येतंय. सामान कवा आणतीस?"

पुढची सात वर्षं मी त्या खोलीत राहिले.

मावशी साठीच्या अलीकडची, बुटकी, रुंद पंजाची. घराची पुढची ओसरी हेच तिचं दुकान. भिंतीला टेकून लाकडी पेटी, दांड्यांवर ओवलेल्या बांगड्या, आणि एक गुडघा वर करून बसलेली मावशी. समोर बसलेल्या प्रत्येक बाईला तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे : "हात ढिला सोड. हात आता माझा हाय. तू तिकडं बघ, गप्पा मार." मग ती बोटांची मुळं आत दुमडून घ्यायची, अंगठ्याचा सांधा तळव्यात दाबायची, आणि हात अरुंद झाला की बांगडी फिरवत फिरवत मनगटात उतरवायची. त्या बाईला कळायचंही नाही. आणि चुकून एखादी बांगडी पिचलीच तर 'फुटली' हा शब्द ओसरीवर काढायची बंदी. 'वाढली' म्हणायचं.

तिला बायकांचे चेहरे नंतर आठवत, हात आधी. मी एकदा देशमुखांच्या सुनेचं काही सांगत होते तर म्हणाली, "कोनची गं? अंगठा आखडलेली का करंगळी मोडलेली?" कुणाच्या बोटांची पेरं थंडीत सुजतात, कुणाला सकाळी मूठ वळत नाही, कापूस वेचून कुणाचं मनगट धरलंय, ही सगळी माहिती तिच्याकडे. एका पोरीचे हात नेहमीपेक्षा घट्ट लागले म्हणून मावशीने तिला हळूच विचारलं, "कितवा म्हैना?" पोरगी चकित झाली. तिच्या सासूलाही अजून पत्ता नव्हता. सांधे या विषयात आपल्यापुढे कुणी नाही, याबद्दल मावशीच्या मनात काडीची शंका नव्हती.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तिच्या दोन्ही हातांत काचेच्या चार-चार बांगड्या असत. बाहेरगावच्या एका म्हातारीने एकदा तिला त्यावरून टोकलं. मावशी शांतपणे बांगड्या निवडत राहिली आणि म्हणाली, "आक्का, मी दुकान हाय. दुकान कुणी मोकळं ठिवतंय का?" म्हातारीने मुकाट्याने डझनभर घेतल्या.

सून सविता चांगली होती, हाताखाली शिकत होती. पण तिने मोबाईलवर बघून एक युक्ती उचलली होती. गिऱ्हाइकाच्या हाताला प्लॅस्टिकची पिशवी घालायची आणि त्यावरून बांगडी सरकवायची. मावशीला तो अपमान वाटे. "पिशवी घालून तर म्हशीच्या पायातबी जाईल," ती म्हणायची. "मग आमी कशाला पायजेत?"

सविता हसून पिशवी पेटीमागे लपवायची.

एका लग्नात मी तिच्यासोबत गेले होते. नवरीच्या आईने परभणीहून हौसेने चुडा आणलेला, तो निघाला एक माप लहान. पोरगी धास्तावली, हात लाकडासारखा ताठ. मावशीने चुडा बघितला, हात बघितला आणि तिला आपल्या लग्नातली गंमत सांगायला घेतली : नवरदेवाच्या मुंडावळ्या घोड्याने कशा खाल्ल्या, आणि मग तो सगळा वेळ घोड्याच्या तोंडाकडेच कसा बघत होता. पोरगी हसून हसून वाकली. तोवर दोन्ही हातांतला चुडा भरून झाला होता, एकही वाढली नव्हती. परत येताना मी विचारलं, घोड्याचं खरं होतं का?

"कुठलं घोडं गं! आमचं लगीन बैलगाडीतलं. हसताना हात कडक ऱ्हात न्हाई, म्हनून सांगायचं."

मी राहायला गेल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी एके दिवशी शाळेतून आले, तर मावशी उन्हात सुई घेऊन बसलेली.

"मास्तरीण, तुझी नजर चांगली हाय. काच काढ."

तिच्या उजव्या तळहातावर, करंगळीशेजारच्या बोटाच्या खाली, हरभऱ्याएवढी कडक गाठ होती. दुखत नव्हती. मावशीचं म्हणणं, चाळीस वर्षं काचेत हात घालायलेय, एखादा कण आत राहिला असणार. मी गणित शिकवणारी बाई. पण मावशीपुढे नाही म्हणायची सोय नव्हती. सुई भाजून घेतली, टोकरलं. रक्त आलं, काच आली नाही.

"खोल गेलीय," मावशी म्हणाली आणि हळद लावून मोकळी झाली.

वर्षभरात गाठीजवळची कातडी खळीसारखी आत ओढली गेली. मग तळहातातून बोटाकडे एक दोरी गेल्यासारखी दिसायला लागली आणि ते बोट हळूहळू आत वळायला लागलं. हाताच्या वरच्या बाजूने, बोटांच्या मधल्या सांध्यांवर, जाड घट्टे आले. ते घट्टे बघून साऱ्या गावाने एकमुखाने निदान केलं : सांधेवात. मावशीचंही तेच. "सांध्यात वारं शिरलंय. मला न्हाई कळनार तर कुणाला?"

मग औषधं सुरू झाली. निरगुडीचा पाला झाला, एरंडेल झालं, तव्यावरच्या वाळूचा शेक झाला. एके सकाळी मी वर्गात न्यायला पट्टी शोधत होते. खाली आले तर ती माझी एक फुटाची लाकडी पट्टी मावशीच्या बोटाला सुतळीने बांधलेली. रात्रभर ती तशीच झोपली होती.

"सरळ झालं का?" मी विचारलं.

"बोट न्हाई झालं. पट्टी वाकली."

पट्टी खरंच वाकली नव्हती, पण असं काही सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. हाताची तक्रार तिने कधी रडून केली नाही. तोंड धुताना बोट नाकात जायचं, तर म्हणायची, "माझंच बोट, माझंच नाक, कुणाला फिर्याद करू?" कमरेच्या पिशवीत हात घातला की बोट आत अडकायचं आणि पिशवीसकट हात बाहेर यायचा. देवळात हात जोडले की दोन तळव्यांमध्ये ही एवढी पोकळी राहायची. "देवाला वाटत आसंल, ही बाई मुठीत कायतरी लपवून आणायलीय."

शेवटी मीच तिला परभणीला घेऊन गेले. हाडांची डॉक्टर तरुण होती, मोजकं बोलणारी. तिने हात उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "मावशी, तळहात या टेबलावर सपाट टेकवा."

मावशीने टेकवला. तळहात टेकेना. खालून मांजरीचं पिल्लू सहज गेलं असतं.

"हा सांध्यांचा आजार नाही," डॉक्टर म्हणाली.

मावशीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की कुठल्या शाळकरी पोरीकडे आणलंस मला. "डाक्टरीन बाई, सांधाच वाकलाय की. तुमाला दिसंना का?"

"दिसतोय. पण तो स्वतःहून वाकलेला नाही, त्याला ओढून धरलंय. तळहाताच्या कातडीखाली एक पातळ पडदा असतो. काहींचा तो जाड होतो, आखडतो, त्याची अशी दोरी बनते. ती दोरी बोटाला आत ओढते. वरचे घट्टे त्याचेच सोबती. तेल चोळून किंवा शेकून ही दोरी सुटत नाही. साखर आहे का तुम्हाला?"

"हाय जराशी."

"आणि खांदा? कधी आखडला होता?"

मावशी चमकली. दोन वर्षांपूर्वी तिचा खांदा असा धरला होता की वेणी सविताच घालायची. डॉक्टर म्हणाली, "ज्यांना साखर असते, त्यांच्यात ही दोन्ही दुखणी जास्त दिसतात. पुष्कळदा एकाच माणसात."

"म्हंजी खांद्याला आधीच खबर हुती," मावशी म्हणाली, "मलाच कुणी सांगितलं न्हाई."

डॉक्टर हसली, पण पुढचं तिने हसता हसता सांगितलं नाही. "एक लक्षात ठेवा. आज सांधे चांगले आहेत. पण बोट फार दिवस वाकलेलं राहिलं तर सांधाही तसाच धरतो. मग मी दोरी कापली तरी बोट पूर्ण सरळ होणार नाही. करंगळीकडेही दोरी निघालीय. उशीर करू नका."

निघताना मावशीने डॉक्टरचा हात धरला. मला वाटलं निरोप घेतेय. तिने अंगठ्याचं मूळ दाबलं, मनगट वळवलं. "दोन-चार. ह्या मनगटाला जुनी मोड हाय तुमच्या."

"कॉलेजात गाडीवरून पडले होते," डॉक्टर म्हणाली आणि आपल्याच मनगटाकडे बघत राहिली. मावशीचा मान थोडा परत आला.

पण ऑपरेशनला ती तयार होईना. आधी दिवाळी आली, मग संक्रांत, मग लगीनसराई. मी भांडले, सविता भांडली. तिची खरी भीती एकदाच, भाजी निवडताना, तिच्या तोंडून निघाली. "कापताना हात बसला तर? मास्तरीण, मला दुसरं काय येतंय?" मी शेंगा मोडत बसले.

त्या लगीनसराईत आमच्या शाळेचे मुख्याध्यापक गिराम सर यांच्या मुलीचं, पूजाचं लग्न होतं. चुडा भरायला मावशीच. एव्हाना करंगळीही वळली होती आणि दोन्ही बोटं आकड्यासारखी तळव्यात टेकत होती. मावशी उरलेल्या तीन बोटांवर काम भागवायची, आणि इतकं छान भागवायची की नवख्याला कळू नये. मंडपात बायका दाटीने बसलेल्या. मावशीने पूजाचा हात घेतला, गोष्ट सांगायला घेतली. पाच बांगड्या गेल्या. सहावी अंगठ्याच्या सांध्यावरून उतरताना मावशीचं वाकलेलं बोट मध्ये अडकलं, तिने ते सोडवायला हिसका दिला आणि बांगडी तडकली. काच पूजाच्या मनगटात शिरली.

रक्ताचा ओघळ फार मोठा नव्हता. पण हिरव्या चुड्यावर तो सगळ्यांना दिसला. सरांची आई पुटपुटली, "ऐन येळंला!" मावशीने पदराने रक्त टिपलं, काच बघून काढली, हळद दाबली. घोड्याची गोष्ट तिथेच राहिली. मग मान वर न करता म्हणाली,

"सविता, पिशवी आण."

सविता जागची हलेना. तिला ऐकू आलं होतं, पण पटत नव्हतं.

"आण म्हनते ना. पोरीचा खोळंबा व्हायलाय."

उरलेला चुडा सविताने पिशवीवरून भरला. मावशी शेजारी बसून एकेक बांगडी निवडून देत राहिली. घरी आल्यावर तिने लुगडं बदललं, पाणी प्यायली आणि मला हाक मारली. "तुझ्या त्या डाक्टरनीला फोन लाव. उद्याचं इचार."

उद्याचं नाही, पण पंधरा दिवसांनंतरचं मिळालं. साखर ताळ्यावर आणायला तेवढा वेळ लागला. ऑपरेशनला फक्त हात बधिर केला होता, मावशी जागी. मी बाहेर बाकावर बसलेले, आणि मधूनमधून आतून हसण्याचा आवाज येत होता. नंतर नर्सने सांगितलं. डॉक्टर म्हणाली होती, "मावशी, हात ढिला सोडा," तेव्हा मावशीला हसू आवरेना. "चाळीस वर्षं मी म्हनायलेय, आज मला म्हननारी भेटली!" डॉक्टरला दोन मिनिटं थांबावं लागलं. मग मावशीने मान वळवून आतल्या सगळ्या बायकांचे हात न्याहाळले आणि जाहीर केलं, "येवढ्या बायका, आन एकीच्याबी हातात काकन न्हाई! माझा धंदा हितं बुडाला."

टाके निघाले. मग खरा त्रास सुरू झाला. बोटं सरळ ठेवायला रात्री बांधायची पट्टी मिळाली (या वेळी दवाखान्याची), आणि दिवसातून अनेकदा बोटं उघडायची-मिटायची. दुखायचं. मावशी कणकेचा गोळा घेऊन ओसरीवर बसायची आणि बोटांना नावं ठेवत ठेवत त्यांच्याकडून काम करून घ्यायची. करंगळीशेजारचं बोट महिन्याभरात जवळजवळ सरळ झालं. करंगळी मात्र मधल्या सांध्यात वाकलेलीच राहिली. दोरी गेली होती. सांधा धरून बसला होता. डॉक्टरने तपासलं आणि म्हणाली, "हिला आपण उशीर केला. आणि दोरी पुन्हा येऊ शकते, हात बघत राहा."

'आपण' म्हणाली हे तिचं चांगुलपण. मावशीला ते बरोबर कळलं. परतीच्या गाडीत तिने करंगळी मांडीवर दाबून बघितली. मग म्हणाली, "गावाच्या सांध्यांची फिकर करीत बसले. माझा सांधा मला वरडून सांगायलता, त्याला म्हनलं लगीनसराई झाल्यावर ये." एवढं बोलून तिने डोळे पुसले आणि पोखर्णीला पेरू घेतले.

हात बरा झाला, तरी ती बांगड्या भरेना. निवडून द्यायची, गप्पा मारायची, पण हात हातात घ्यायची वेळ आली की "सविता, बघ गं." पिशवीबद्दल तर एक शब्द काढत नव्हती, आणि तेच आम्हाला बघवत नव्हतं.

दिवाळीला पूजा माहेरी आली. दुपारी एकटीच चालत ओसरीवर आली आणि मावशीसमोर मांडी घालून बसली. सविता पुढे झाली तर तिला म्हणाली, "तू नको वहिनी. आजी भरतील."

मावशी म्हणाली, "न्हाई बाई. एकदा झालं तेवढं लय झालं."

पूजाने हात पुढे केला. मनगटावर पांढरी बारीक रेघ अजून होती. "आजी, मी हात ढिला सोडलाय. तुमी घोड्याची गोष्ट सांगा. त्या दिवशी अर्धीच राहिली."

मावशीने हात घेतला. मी दारात उभी होते. तिने ती वाकडी करंगळी आधी इकडे ठेवून पाहिली, तिकडे ठेवून पाहिली. शेवटी पूजाच्या मनगटाखाली टेकू दिल्यासारखी धरली. मग घोडा आला, मुंडावळ्या आल्या. बारा बांगड्या चढल्या. एकही वाढली नाही. सविता स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि मग चहा घेऊन आली.

पूजाला न्यायला गिराम सर आले होते. त्यांनी चहाचा कप घेतला, आणि मावशीची नजर कप धरलेल्या बोटांवर खिळली. चाळीस वर्षांत तिने परक्या पुरुषाचा हात धरला नव्हता. तिने सरांच्या हातातून कप काढून खाली ठेवला आणि हात धरला.

"सर, पंजा टेका. हितं, पेटीवर."

"अहो, काही नाही, वात आहे जरासा..."

"टेका म्हनते!"

सरांनी पेटीच्या झाकणावर हात ठेवला. करंगळीशेजारचं बोट वर राहिलं. फार नाही, सुपारी जाईल एवढं. मावशीने तळव्यातली दोरी त्यांना स्वतःच्या बोटाने चाचपायला लावली, मग आपली करंगळी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "ही बघा. ही वाताची न्हाई, ही माझ्या येडेपनाची हाय. तुमचा सांधा अजून मोकळा हाय. सोमवारी परभनी."

मुख्याध्यापकांशी त्या आवाजात कुणी बोलू शकतं हे मला माहीत नव्हतं. सर सोमवारी गेले. त्यांचं कापावंही लागलं नाही. डॉक्टरने सुईनेच दोरी तोडली. महिन्याभरात ते फळ्यावर पूर्वीसारखं लिहू लागले.

त्यानंतर ओसरीवर बाप्ये माणसं यायला लागली. आधी बायकांना पोचवायच्या निमित्ताने, मग उघड. सगळ्यांनाच ती दोरी नव्हती. कुणाला खरोखरच संधिवात होता, कुणाला नुसतेच नांगराचे घट्टे. मावशी आता स्वतः निदान करत नसे. पंजा टेकवायला लावायची, टेकला तर "जा, काम कर", नाही टेकला तर "डाक्टरनीकडं जा, आन उशीर केलास तर मला तोंड दाखवू नको." सविता म्हणाली, "आत्याबाई, आता पाटी लावा." मावशी म्हणाली, "पाटी नको. बाप्ये बांगड्या घेत न्हाईत, नुसता च्या पितेत."

मग माझी बदली घराजवळ झाली. सामान टेम्पोत चढवलं त्या दिवशी मावशी बाजाराला निघून गेली होती. असल्या निरोपांचा तिला कंटाळा. फोनवर बोलणं होई, पण भेट होईना.

गेल्या हिवाळ्यात मी पोखर्णी स्टेशनवर कुणालातरी सोडायला गेले होते. गंगाखेडकडून परभणीला जाणारी पॅसेंजर लागली. बायकांच्या डब्यातून मोठ्याने हसण्याचा आवाज आला म्हणून मी वळून पाहिलं. खिडकीशी मावशी. माल आणायला परभणीला निघाली असणार. पण डब्यातच तिने पेटी उघडली होती. समोर एक अनोळखी तरुण बाई, कडेवर झोपलेलं मूल, आणि तिचा हात मावशीच्या मांडीवर. भोवती चार बायका आपापला नंबर धरून उभ्या.

"मावशी!" मी ओरडले.

तिने वर पाहिलं. ओळखलं, सगळा चेहरा फुलला. पण बांगडी ऐन अंगठ्याच्या सांध्यावर होती. ती हात सोडू शकत नव्हती. तिने हनुवटीने मला 'थांब' अशी खूण केली आणि पुन्हा मान खाली घातली. शिट्टी झाली, गाडी हलली. मी डब्याबरोबर चालत राहिले. चार पावलं, दहा पावलं. बांगडी फिरत फिरत मनगटात उतरली तेव्हा मावशीने खिडकीबाहेर पाहिलं, पण तोवर मी मागे राहिले होते आणि ती भलत्याच एका बाईला हात करत होती. त्या बाईनेही हसून हात केला.